तिसऱ्या वाघाची वाट

संताजीरावांपुढे कुणी नव्या कॉम्प्युटरचं कौतुक केलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. चौतीस वर्षं त्यांनी म्हैसूरच्या एका सरकारी पॉलिटेक्निकात कॉम्प्युटरची लॅब सांभाळली होती. दर पाच-सहा वर्षांनी जुनी यंत्रं भंगारात जायची, नवी यायची, आणि पोरं तेच रद्दड प्रोग्राम दुप्पट वेगानं चालवायची, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "हार्डवेअर म्हणजे दंडातली ताकद," ते सांगत. "अल्गोरिदम म्हणजे डोकं. दंड भाड्यानं आणता येतो, डोकं नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं की कोपऱ्यावरचा कॉफीवालासुद्धा ते त्यांच्या आधी पुरं करून दाखवी.

वय चौसष्ट, सडपातळ अंगकाठी, शर्टाच्या खिशात दोन पेनं. घराणं म्हैसूरच्या जुन्या लष्करातलं. खापरपणजोबा घोडदळात होते म्हणे, पण घोडा, तलवार काहीच उरलं नव्हतं, नाव तेवढं उरलं होतं. घरात बोलणं मराठी, त्यात निम्मी कानडी. चामराजपुरमातल्या घरात ते एकटेच राहत. बायको वनजा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी सुमा आणि जावई राघवेंद्र एच. डी. कोटेला राहत, सुमा तिथल्या शाळेत शिकवायची. दर रविवारी सुमा बसनं यायची, आठवड्याची पुडी-चटणी डब्यांत भरायची आणि संध्याकाळच्या बसनं परत जायची. बाकीचे सहा दिवस संताजीराव जुन्या लॅपटॉपसमोर बसून एका प्रोग्रामशी वाघ-बकरी खेळत. त्या प्रोग्रामचं नाव होतं 'वनजा'.

एवढ्यावर कुणी हळवं व्हायची घाई करू नये. बायकोवर त्यांचा जीव होता हे खरंच आहे. पण जीव असणं आणि नीट बघणं या दोन गोष्टी एकाच माणसात असतातच असं नाही.

वाघ-बकरीला म्हैसुरात आडुहुली म्हणतात. त्रिकोणी पट, तेवीस ठिकाणं, तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघानं बकरीवरून उडी मारून तिला खायचं. बकऱ्यांनी दाटीवाटीनं उभं राहून वाघांना हलताच येणार नाही असं कोंडायचं. सहा बकऱ्या गेल्या की वाघ जिंकले, तिन्ही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या. संताजीरावांच्या घरी हा पट एका शिसवी पाटावर रंगवलेला होता. वाघ म्हणजे सुपाऱ्या आणि बकऱ्या म्हणजे चिंचोके. दुपारची जेवणं आटोपून भांडी पालथी पडली की त्यांची आई पाट ओढून बसे आणि सुनेला हाक मारी. वाघ आईचे, बकऱ्या वनजाच्या. हे कधी उलटं झालं नाही, कारण तशी रीतच होती. मोठ्यांनी वाघ घ्यायचे, सुनेनं बकऱ्या.

वनजा कृष्णराजनगरची, म्हणजे के. आर. नगरची. तिथे कावेरीच्या घाटाच्या पायरीवर हाच पट कोरलेला होता आणि त्याच्यावर ती लहानपणापासून खेळलेली. तिचा खेळ बघत बसावा असा. चिंचोके ती असे मांडी की आईच्या वाघांना तोंड घालायला जागा सापडत नसे. डाव अर्धा व्हायच्या आत दोन वाघ कोपऱ्यात गप्प, तिसऱ्याला एकच वाट उरलेली, आणि पंधराच्या पंधरा बकऱ्या जिवंत. मग तिथेच काहीतरी बिघडायचं. ती वाट मिटवायची सोडून वनजा भलताच चिंचोका हलवी. तिसरा वाघ बाहेर पडे, एक बकरी खाई, मग दुसरी, मग इतर वाघही सुटत, आणि थोड्या वेळानं आई मांडीवर थाप मारून म्हणे, "आयतु! झालं गं तुझं." त्या दिवशी दुपारची कॉफी घरात हसतखेळत व्हायची.

संताजीरावांना नोंदी करायचं वेड होतं. सुट्टीच्या दिवशी ते शेजारी खुर्ची टाकून बसत आणि तेवीस ठिकाणांना आकडे देऊन एकेक खेळी वहीत उतरवत. १९९४ पासून, २००९ साली आई जाईपर्यंत, त्यांनी असे दोनशे बारा डाव लिहिले. त्यांतल्या एकाही डावात तिन्ही वाघ कोंडले गेले नव्हते. शिवाय स्वतः संताजीराव वाघ घेऊन वनजाशी एकोणीस वेळा खेळले होते आणि एकोणीसच्या एकोणीस डाव जिंकले होते. पुढे ती मोठी खेळाडू होती असं सांगताना ते हे जोडायला विसरत नसत. "एवढी खेळणारी बाई, पण मला नाही हरवू शकली," ते म्हणत, आणि शर्टाच्या खिशातली पेनं उगीच सारखी करत.

एकदा, अगदी एकदाच, त्यांनी तिला विचारलं होतं.

"इथं वाट उघडी का ठेवलीस गं? मिटवली असतीस तर डाव तुझा होता की."

वनजा तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "सुम्ने," ती म्हणाली. सुम्ने म्हणजे उगीच, सहज. संताजीरावांनी वहीत लिहिलं: 'कारण: अंतःप्रेरणा.'

आई गेल्यावर पाट माळ्यावर गेला. वनजाला कुणी खेळायला बोलावलं नाही आणि तिनंही कधी पाट खाली काढायला सांगितलं नाही. दोन वर्षांनी संताजीरावांनी तिच्या खेळाचा प्रोग्राम लिहायला घेतला. प्रोग्रामला काय, त्याला नियम सांगितले की तो पुढच्या आठ-दहा खेळ्या पाहून त्यांतली बरी निवडतो. संताजीरावांनी वह्यांमधून बेचाळीस नियम काढले. शेवटची वाट उघडी ठेवण्यात त्यांच्या मते फार खोल डावपेच होता: वाघाला बाहेर ओढायचं, एका बकरीचा बळी द्यायचा आणि मोकळ्यावर गाठायचं. ते गाठणं वनजाला दोनशे बारा वेळांत एकदाही जमलं नव्हतं, याचा दोष ते नशिबाला देत. हा झाला एकतिसावा नियम. दोन वाघ कोंडलेले असतील आणि तिसऱ्याला एकच वाट असेल, तर ती मिटवू नये. हा नियम बाकी एकेचाळीस नियमांच्या वर बसवलेला होता. यंत्राला पुढचं कितीही दिसत असो, इथे आलं की एकतिसाव्याचंच ऐकायचं.

बाई घरातच होती. हाक मारली तर येऊन सांगितलं असतं, निदान सांगावं का याचा विचार तरी केला असता. पण संताजीराव वह्या वाचत बसले, आणि हे असंच अकरा वर्षं चाललं.

मधे एकदा, २०१७ च्या ऑगस्टात, त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं होतं. बकऱ्या तिच्या, वाघ प्रोग्रामचे. "माऊसनं उचलायचं आणि ठेवायचं, अष्टे, बस," एवढं शिकवून ते गॅसचा रेग्युलेटर बदलून आणायला गेले. परत आले तर स्क्रीन थिजलेला. खाली लाल अक्षरं: 'वाघाला खेळी उपलब्ध नाही.' तिन्ही वाघ जागच्या जागी अडकलेले. वनजा स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

"काय केलंस गं?" संताजीराव वैतागून म्हणाले. "बग आला की, चूक आली प्रोग्रामात."

वनजा काहीतरी बोलणार होती. त्यांचा चेहरा बघून थांबली. "मी काय करणार? आपोआप थांबलं ते," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यांनी तो डाव पुसून टाकला आणि दोन दिवस खपून वाघांच्या चालीचा भाग नव्यानं लिहिला. त्या दिवशी घरात सण नाही, वार नाही, आणि केसरीभात झाला होता. संताजीरावांनी तो लॅपटॉपसमोर बसूनच खाल्ला.

मग वनजाची मूत्रपिंडं गेली. आठ महिने डायलिसिसला नेणं-आणणं झालं आणि एका सकाळी ती संपली. तेराव्यानंतर संताजीरावांनी प्रोग्रामचं जुनं नाव खोडलं आणि तिचं नाव घातलं. सुमाला ते म्हणाले, "तुझी अम्मा यात आहे. तिचं डोकं आहे हे. रोज खेळतो मी तिच्याशी." सुमानं डब्याचं झाकण लावलं. संताजीरावांचे दिवस मात्र या एवढ्याच आधारावर निघत होते. ती यात आहे. बाकी घर रिकामं होतं, ते त्यांना कळत होतं.

शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दर जानेवारीत आडुहुलीच्या प्रोग्रामांची स्पर्धा भरते. माणसं खेळत नाहीत. प्रोग्राम एकमेकांशी खेळतात आणि माणसं मोठ्या पडद्यावर बघत बसतात. आधी सगळ्यांना एकसारखी लहान यंत्रं मिळायची. त्यात 'वनजा' दोनदा तिसरी आली होती, कारण समोरचे बरेच प्रोग्राम पोरांनी आदल्या आठवड्यात खरडलेले असत आणि आपल्याच पायात पाय घालून पडत. या वर्षी नियम बदलला. कुणीही कुठलंही यंत्र वापरावं, मर्यादा नाही. संताजीरावांनी बोटं मोडली, आणि तरी आपला तोच लॅपटॉप फडक्यात गुंडाळून नेला.

उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर आभा आली. पुण्याची मुलगी, तिशी ओलांडलेली, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्हैसुरात आलेली. तिच्या प्रोग्रामचं नाव नुसतं 'तेवीस'. त्याला तिनं एकही डावपेच शिकवला नव्हता. चाली कशा करायच्या तेवढं सांगून भाड्याच्या मोठ्या यंत्रांवर सोडून दिलं होतं. चार दिवसांत तो स्वतःशीच नव्वद लाख डाव खेळून शहाणा झाला होता.

पहिला डाव 'वनजा' वाघ घेऊन हरली. दुसऱ्या डावात तिच्याकडे बकऱ्या आल्या आणि हॉल हळूहळू शांत झाला. एकेक बकरी अशी बसत गेली की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवून बघू लागली. दोन वाघ कोंडले. तिसऱ्याला एकच वाट. पंधरा बकऱ्या जिवंत, खेळी बकऱ्यांची.

"मुच्चु! मुच्चु!" पोरं ओरडायला लागली. मिटव, मिटव.

'वनजा'नं दूरची एक बकरी हलवली.

हॉलमध्ये हशा पिकला. पुढच्या वीस खेळ्यांत सगळं संपलं. शेजारच्या मुलानं संताजीरावांच्या खांद्याला हात लावून काळजीनं सांगितलं, "सर, बग इदे." संताजीरावांचं तोंड लाल झालं. "बग नाही, बलिदान आहे ते," असं ते म्हणाले खरे, पण मराठीत म्हणाले, आणि तिथे ते समजणारी एकटी आभा होती.

"भाड्याच्या दंडानं जिंकलात तुम्ही," ते तिला म्हणाले.

"असेल," आभा म्हणाली. तिला राग आलेला दिसला नाही. "पण काका, आधी जे खेळत होता ना तुमचा प्रोग्राम, ते सुंदर होतं. माझ्या मशीन्सवर चालवून बघूया का? तुमचं डोकं, माझा दंड."

पुढच्या शनिवारी संताजीराव जयलक्ष्मीपुरमला तिच्या फ्लॅटवर गेले. पेन ड्राइव्हला त्यांनी घरून कुंकू लावून आणलं होतं. मनात वाटत होतं की आज वनजाला हवं तेवढं बळ मिळणार, आज ती आपला डावपेच तडीस नेणार.

लॅपटॉपवर 'वनजा' आठ खेळ्या पुढचं पाहत असे. आभाच्या भाड्याच्या यंत्रांवर ती बावीस पाहू लागली. वाघ पूर्वीपेक्षा लवकर कोंडले गेले, पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याची वाट उघडीच राहिली. 'तेवीस'शी दहा डाव खेळवले. दहाही वेळा तेच. मोठ्या यंत्रानं एवढंच केलं की हरायची वेळ आधी आली.

आयुष्यभर ज्याला नावं ठेवली त्या हार्डवेअरवर खापर फोडायची सोयही संताजीरावांना आता उरली नव्हती.

"हा एकतिसावा नियम एकदा बंद करून बघायचा?" आभानं हळूच विचारलं.

"तिचा नियम आहे तो."

"एकदाच."

नियम बंद केला. दहापैकी सात डावांत तिन्ही वाघ कोंडले गेले. नव्वद लाख डाव खेळलेला 'तेवीस' सात वेळा हरला. संताजीरावांनी आनंदानं उडी मारायला हवी होती. ते खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "हे बरोबर नाही. ही वनजा नव्हे."

आभानं जुने सगळे डाव मागून घेतले. ते पेन ड्राइव्हवर होतेच, दोनशे बारा आणि एकोणीस. "आठवडाभर द्या मला," ती म्हणाली.

त्या आठवड्यात संताजीरावांनी लॅपटॉप उघडला नाही. स्वतःलाही त्याचं कारण सांगितलं नाही. कॉफीवाल्यानं त्यांचं दंडाचं वाक्य काढलं तेव्हा त्याच्यावर मात्र ते खेकसले.

शनिवारी आभानं एकेक डाव स्क्रीनवर लावला. 'तेवीस'नं प्रत्येक खेळीला शेरा दिला होता. चांगली ती हिरवी, चुकीची ती तांबडी.

"या बाई तुमच्या कोण?"

"बायको."

"काका, या जिथे होत्या तिथे पोचायला माझ्या प्रोग्रामला नव्वद लाख डाव लागले. बघा, पहिल्या खेळीपासून सगळं हिरवं. ना मशीन, ना काही. नुसता एक पाट."

संताजीरावांचा ऊर भरून आला. "सांगत होतो ना मी," ते म्हणाले. "डोकं! डोकं लागतं."

"पण शेवटी हे." तिनं एका तांबड्या खेळीवर बोट ठेवलं. दुसरा डाव लावला, तिसरा लावला. प्रत्येकात एकच तांबडा ठिपका, त्याच क्षणी. "चुकणारा माणूस आज इथे चुकतो, उद्या तिथे. या कधीच चुकत नाहीत, आणि मग एकदा चुकतात, ठरलेल्या जागी. ती खेळीही कशी, तर वाघ सुटेल, पण सोडला असं समोरच्याला दिसणार नाही अशी. हे करायला आधी जिंकणारी खेळी दिसावी लागते. त्याशिवाय ती टाळता येत नाही."

संताजीराव त्या तांबड्या ठिपक्याकडे वाकले.

"हा डावपेच नाही, काका. त्या मुद्दाम हरत होत्या."

खालून भाजीच्या गाडीवाल्याची हाक येत होती. संताजीरावांनी खिशातली पेनं सारखी केली.

"आईशी हरत असेल," ते शेवटी म्हणाले. "सासू होती. माझे एकोणीस बघितले?"

त्यांनी हे विचारू नये अशी आभानं मनात प्रार्थना केली असावी, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. तिनं पान खाली सरकवलं. एकोणीस डाव, एकोणीस तांबडे ठिपके.

ते पायी घरी आले. वाटेत त्यांना आधी आभाचा राग आला, कालची पोरगी, चार यंत्रं भाड्यानं आणली की आपल्याला सगळं कळलं असं वाटतं यांना. रेल्वेचं फाटक ओलांडेपर्यंत राग संपला. मग जे वाटलं ते फार वाईट होतं. तीस वर्षांच्या संसारात ही बाई आपल्याशी एकदाही खरं खेळली नाही, आणि आपण ते आकडे घालून लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सुमा आली, डबे काढून बसली. संताजीरावांनी प्रस्तावना केली नाही.

"तुझी अम्मा मुद्दाम हरायची?"

सुमाचा हात चटणीच्या डब्यावर थांबला. "अप्पा, तुम्हाला गोत्तिल्लवा? खरंच ठाऊक नव्हतं?"

"मला कोण सांगणार?"

"सांगायचं काय त्यात? घरातल्या बायकांना सगळ्यांनाच ठाऊक होतं. लग्नाच्या वेळी के. आर. नगरच्या अज्जीनं, अम्माच्या आईनं, तिला बजावलं होतं, घाटावर खेळत होतीस तशी सासरी खेळू नकोस. तिसऱ्या वाघाची वाट ठेव. इथली अज्जी कशी होती ते तुम्हाला ठाऊक आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर दोन दिवस जेवायची नाही ती. तिला पाटावर कोंडून अम्मा कुठे राहिली असती?"

"आणि मी?" संताजीरावांनी विचारलं. "मी कधी जेवण सोडलं? मी कधी रागावलो तिच्यावर?"

सुमानं त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाईट वाटत होतं, पण इतक्या वर्षांनी विचारलंय तर उत्तर द्यावं असंही वाटत असावं. "तुम्ही वहीत लिहायचात ना, अप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला हरलो असं लिहावं लागलं असतं."

सुमानं चटणी भरून संपवली. मग आपणहून म्हणाली, "मलाही शिकवलंय तिनं. राघवेंद्र नि मी कॅरम खेळतो तेव्हा शेवटची सोंगटी मी नेहमी कडेला मारते." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं.

"म्हणजे या घरात तिनं कधीच मिटवली नाही वाट."

"मिटवली की. एकदा."

संताजीरावांनी मान वर केली.

"तुमच्या कॉम्प्युटरवर. मला फोन केला होता शाळेत, मधल्या सुट्टीत. अशी ओरडत होती की मला वाटलं काय झालं. 'सुमा, तिन्ही कोंडले गं! तिन्हीच्या तिन्ही! याला कोंडलं तरी चालतं बघ, हे रुसत नाही, उपाशी राहत नाही.' के. आर. नगर सुटल्यापासून पहिल्यांदा, म्हणाली. केसरीभात टाकते म्हणाली. अप्पा रेग्युलेटर घेऊन आले की दाखवते, तसंच ठेवलंय, हात लावला नाही." सुमा थांबली. "संध्याकाळी मी फोन केला, अप्पांना दाखवलंस का म्हणून. तर म्हणाली, बग होता तो."

संताजीराव उठले आणि आतल्या खोलीत गेले. प्रोग्राममध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ते एका फाइलीत ठेवत, पहिल्या दिवसापासून, एकही न चुकता. ऑगस्ट २०१७ सापडायला वेळ लागला नाही. त्यांच्याच नेमक्या भाषेत लिहिलेलं होतं: 'तिन्ही वाघ एकाच वेळी कोंडले गेले. हे अशक्य आहे. प्रोग्रामचा दोष. डाव पुसला. दुरुस्ती केली.'

दोनशे एकतीस डाव जपून ठेवले होते, तीन-तीन ठिकाणी प्रती करून. खरा एकच होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हातानं पुसला होता. त्यांनी जुन्या डिस्का काढल्या, जुन्या लॅपटॉपचा सांगाडा काढला, दुपारभर शोधलं. नव्हताच तो कुठे. आभाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "माझा प्रोग्राम उत्तम खेळी सांगेल, काका," ती म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी कुठली केली, ते नाही सांगू शकणार."

सुमाच्या बसची वेळ होत आली होती, पण ती निघाली नाही. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला म्हणून ती दारात गेली. संताजीरावांनी माळ्यावरचा पाट खाली काढला होता. फडक्यानं पुसून, जमिनीवर मांडून ते त्यापुढे बसले होते, आई बसायची त्या बाजूला नव्हे, समोरच्या.

त्यांनी तीन सुपाऱ्या उचलल्या आणि पटावर ठेवल्या, न अडखळता, एक त्रिकोणाच्या टोकाला, एक डावीकडे, एक खालच्या कोपऱ्यात. त्या जागा त्यांना चांगल्या आठवत होत्या. त्या दिवशी स्क्रीनसमोर उभं राहून त्यांनी वाघच तर तपासले होते, वाघांत काय बिघडलंय ते. मग त्यांनी पंधरा चिंचोके मुठीत घेतले. पहिला ठेवायला हात पुढे केला, पटावर इकडून तिकडे फिरवला आणि मागे घेतला.

"काय झालं, अप्पा?"

"बकऱ्या कुठे होत्या ते मी पाहिलंच नाही गं," संताजीराव म्हणाले.